नाटकाच्या आधीची गोष्ट
पिरांदेल्लोच्या कथा-कादंबऱ्यांची घडण कशी आहे?

एका लहान शहरात तीन माणसं राहायला येतात. पोंझा नावाचा सरकारी कचेरीतला कर्मचारी, त्याची बायको आणि त्याची सासू, फ्रोलाबाई. पोंझा बायकोला गावाच्या टोकाला एका इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर ठेवतो आणि सासूला गावात वेगळं बिऱ्हाड करून देतो. मायलेकींची गाठभेट होत नाही. गावात कुजबुज सुरू होते : असला कसला जावई?

मग फ्रोलाबाई स्वतःच शेजाऱ्यांना सांगते, की जावई वाईट नाही. त्याचा बायकोवर जीवच एवढा आहे, की तिच्या मनात आईसाठीसुद्धा जागा उरलेली त्याला सोसत नाही. लोकांना हे पटतं. पाठोपाठ पोंझा येतो आणि सांगतो, की सासूबाईंच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे. त्यांची मुलगी, म्हणजे आपली पहिली बायको, चार वर्षांपूर्वी वारली. घरात आहे ती दुसरी बायको. म्हातारीचा भ्रम मोडू नये म्हणून ती बिचारी मुलीचं सोंग घेते. हेही पटतं. थोड्या वेळाने फ्रोलाबाई पुन्हा येते. वेडा तो आहे, ती म्हणते. मुलीला काही काळ रुग्णालयात ठेवावं लागलं, ती परत आली तेव्हा त्याने तिला ओळखलंच नाही. शेवटी तिच्याशीच त्याचं दुसऱ्यांदा लग्न लावून द्यावं लागलं.

आता खरं कुणाचं? आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या भांडणात हा अनुभव कुणाला नाही? एकाच्या ओसरीवर बसलं की त्याचं खरं वाटतं, दुसऱ्याच्या ओसरीवर बसलं की त्याचं. पण आपल्याला मनातून खात्री असते, की सातबारा पाहिला किंवा एखादा जुना साक्षीदार गाठला की उलगडा होईल. इथे ती वाट बंद आहे. नाटकात तर या कुटुंबाचं गाव भूकंपात उद्ध्वस्त झालेलं आहे, कागदपत्रं आणि नातेवाईक दोन्ही नाहीसे झालेले आहेत. शिवाय हे दोघं एकमेकांशी विलक्षण मायेने वागतात. दोघंही समोरच्याला वेडा समजून सांभाळून घेतात.

हे कोडं घालणारा लेखक लुईजी पिरांदेल्लो. या गोष्टीवरचं नाटक १९१७ साली मिलानमध्ये रंगमंचावर आलं. पण ती मुळात कथा होती. आपल्याकडे पिरांदेल्लो म्हटलं की लेखकाच्या शोधात निघालेली सहा पात्रं आठवतात आणि विषय नाटकाच्या वर्गात जाऊन थांबतो. मला मात्र वाटतं, की ज्या यंत्रणेमुळे ही नाटकं जगभर गेली, ती सगळी त्याच्या कथा-कादंबऱ्यांमध्ये जुळवली गेली होती. ती कशी चालते, हे पाहण्यासारखं आहे.

पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत कथाकार

पिरांदेल्लोचा जन्म १८६७ साली सिसिली बेटावर, जिर्जेंती (आजचं अग्रिजेंतो) शहराजवळच्या काओस नावाच्या ठिकाणी झाला. वडील गंधकाच्या व्यवसायात होते. पालेर्मो, रोम आणि शेवटी जर्मनीतलं बॉन असं त्याचं शिक्षण झालं. बॉन विद्यापीठात त्याने प्रबंध लिहिला तो आपल्याच गावच्या बोलीवर. पुढे रोममध्ये, शिक्षिका घडवणाऱ्या एका संस्थेत तो अनेक वर्षं शिकवत होता.

१९०३ साली वडिलांचा पैसा गुंतलेल्या गंधकाच्या खाणीत पाणी शिरलं. वडिलांचं भांडवल बुडालं आणि त्याच्या पत्नीच्या, आंतोनिएत्ताच्या, हुंड्याची त्यात घातलेली रक्कमही बुडाली. तिच्या मनावर या धक्क्याचा कायमचा परिणाम झाला. तिला नवऱ्याचा संशय येऊ लागला आणि तो वर्षानुवर्षं वाढत गेला. १९१९मध्ये तिला मनोरुग्णालयात ठेवावं लागेपर्यंत पिरांदेल्लो घरात जणू दोन माणसं होऊन राहत होता : एक तो स्वतः, दुसरा तिच्या मनात उभा राहिलेला परका, फसवा नवरा. पोंझा-फ्रोलाच्या कोड्यामागे किती जवळचं दुःख आहे, ते इथे कळतं.

पगारात भागत नव्हतं, म्हणून तो नियतकालिकांसाठी कथा लिहीत राहिला. १९०९पासून 'कोरिएरे देल्ला सेरा' या मिलानच्या मोठ्या दैनिकात त्याच्या कथा येऊ लागल्या. दैनिकातली जागा मोजकी आणि वाचक घाईतला, त्यामुळे पहिल्या परिच्छेदातच त्याला अडवावं लागायचं. पिरांदेल्लोच्या कितीतरी कथा कुणीतरी मध्येच बोलायला सुरुवात केल्यासारख्या उघडतात, त्याचं एक कारण हे असावं.

१९१०मध्ये त्याच्या एकांकिका रोममध्ये झाल्या होत्या, पण रंगभूमीसाठी तो सातत्याने लिहू लागला तो १९१६च्या सुमारास, म्हणजे पन्नाशीला टेकल्यावर. तोवर बहुतेक कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या आणि कथांचा मोठा साठा तयार होता. त्याच्या चाळीसहून अधिक नाटकांपैकी निम्म्याहून जास्त नाटकांचं मूळ त्याच्याच कथांमध्ये सापडतं. कादंबऱ्या एकूण सात.

हसू कुठे थांबतं?

या लेखनाची किल्ली पिरांदेल्लोने स्वतःच १९०८ साली विनोदावरच्या एका दीर्घ निबंधात दिली. त्यातलं उदाहरण असं : एक म्हातारी केस रंगवून, तोंडाला रंग फासून, तरुण मुलीचे कपडे घालून समोर येते. आपल्याला हसू येतं, कारण म्हाताऱ्या बाईने जसं असावं त्याच्या नेमकं उलट ती आहे. ही पहिली पायरी, उलटेपणा नुसता दिसणं. मग मनात येतं, की हे करताना तिला स्वतःला काहीच आनंद होत नसेल तर? तिचा नवरा तिच्याहून बराच तरुण असेल आणि त्याचं प्रेम टिकावं म्हणून ती स्वतःची अशी फसवणूक करत असेल तर? हसू तिथेच थांबतं. ही दुसरी पायरी, तोच उलटेपणा आतून जाणवणं. पहिल्या पायरीवर थांबला तो प्रहसन लिहितो. पिरांदेल्लो वाचकाला आधी हसवतो आणि मग त्या हसण्याचा जाब विचारतो.

'परवाना' ही १९११ची कथा घ्या. किआर्किआरो नावाचा माणूस अपशकुनी म्हणून बदनाम झाला आहे. तो दिसला की लोक खिशातल्या किल्ल्यांना हात लावतात, बोटांनी नजर उतरवायच्या खुणा करतात. त्याची नोकरी गेली आहे, बायको अंथरुणाला खिळलेली आहे, मुलींची लग्नं होत नाहीत. अशी खूण करणाऱ्या दोघांवर तो अब्रुनुकसानीचा दावा लावतो. न्यायाधीश सज्जन आहे. अपशकुन हा गुन्हा नाही आणि नजरेची खूण करणाऱ्याला शिक्षा होणार नाही, म्हणजे बिचारा दावा हरणार आणि बदनामीवर कोर्टाचा शिक्का बसणार. तो दावा मागे घे, असं समजावण्यासाठी न्यायाधीश त्याला बोलावून घेतो.

किआर्किआरो येतो तो अपशकुनी माणसाच्या पुऱ्या वेषात. दाढी वाढलेली, डोळ्यांवर हाडाच्या काड्यांचा जाड चश्मा, सोंग अगदी बेतलेलं. इथवर आपण हसतो. मग तो सांगतो, की मला दावा हरायचाच आहे! कोर्टाने एकदा मान्य केलं की मला परवाना मिळेल. मग मी दुकानांपुढे, कारखान्यांपुढे उभा राहीन आणि लोक मला निघून जाण्याचे पैसे देतील. गावाने पोट भरण्याचा दुसरा मार्ग ठेवलेलाच नाही, तर गावाने दिलेलं नावच विकायचं. आपल्याकडे 'पांढऱ्या पायाची' म्हणून कोपऱ्यात ढकललेल्या सुना आणि शुभकार्यात पुढे येऊ न दिलेल्या विधवा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही सिसिलीची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

खिडकीतले तारे, पिंजऱ्यातला पक्षी

आता हीच कथा रंगमंचावर नेताना काय होतं पाहा. कथेतला न्यायाधीश निद्रानाशाने पिडलेला आहे. रात्र रात्र तो खिडकीशी बसून तारे बघतो, माणसाच्या क्षुद्रपणाचा विचार करतो आणि सकाळी खुर्चीवर बसून त्याच क्षुद्र माणसांना न्याय वाटतो. हे सगळं निवेदक सांगतो. रंगमंचावर निवेदक नाही. मनातले विचार बाहेर दिसावेत, त्यासाठी हातात धरता येईल अशी वस्तू हवी. म्हणून एकांकिकेत न्यायाधीशाजवळ एक पिंजरा येतो. त्याच्या मेलेल्या आईचा गाणारा पक्षी त्यात आहे आणि तो कचेरीतही त्याला बरोबर आणतो. शेवटी वाऱ्याने खिडकी उघडते, पिंजरा पडतो, पक्षी मरतो. किआर्किआरो ओरडतो, की हे मी केलं! आणि इतका वेळ त्याला हसणारे बाकीचे न्यायाधीश घाबरून खिशात हात घालतात. कथेचा शेवट एका मागणीवर होतो. नाटकाला घटना लागली.

पोंझा-फ्रोलाच्या बाबतीत बदल याहून मोठा आहे. कथा सांगणारा गावातलाच कुणीतरी वाटतो. तो आपल्याशी गप्पा मारत, वैतागत, हे कसं सोसायचं म्हणून विचारत राहतो. नाटकात त्याचा आवाज एका पात्राला दिला आहे. लाउदीसी नावाचा हा गृहस्थ दिवाणखान्यात बसून, सत्य शोधायला निघालेल्या आपल्या नातेवाइकांना हसत असतो. निवेदकाचं पात्र करणं ही पिरांदेल्लोची नेहमीची युक्ती आहे. त्याच्या नाटकांत एक तरी माणूस सतत युक्तिवाद करत असतो, याचं मूळ इथे सापडतं. शिवाय नाटकात शेवटी बुरखा घेतलेली बायको स्वतः येते आणि सांगते, की ती दोघं म्हणतात ते दोन्ही ती आहे आणि स्वतःसाठी ती कुणीच नाही. कथेत ती येतच नाही. मला कथेचा शेवट जास्त खोल वाटतो, कारण तिथे कुणी सिद्धान्त सांगत नाही. लोक नुसते पाहत राहतात आणि ती दोघं एकमेकांना जपत राहतात.

चौकट : कोणत्या कथेचं कोणतं नाटक?

• पोंझा-फ्रोलाची कथा : 'असं आहे (तुम्हाला वाटत असेल तर)', १९१७.

• 'रांजण' (१९०९) : तेलाचा फुटलेला रांजण आतून सांधणारा कारागीर त्यातच अडकतो. बाहेर काढायला रांजण फोडावा लागेल, त्याचे पैसे कोणी द्यायचे? याच नावाची एकांकिका झाली.

• 'परवाना' (१९११) : याच नावाची एकांकिका. १९५४च्या इटालियन चित्रपटात किआर्किआरोची भूमिका तोतो या नटाने केली.

• रात्रीच्या उपाहारगृहातली दोन माणसं (१९१८) : 'तोंडात फूल असलेला माणूस'. ही एकांकिका बीबीसीने १९३० साली दूरचित्रवाणीवर दाखवली. ब्रिटनमधलं ते दूरचित्रवाणीवरचं पहिलं नाटक.

• काही कथांवर १९८४ साली ताव्हियानी बंधूंनी 'काओस' हा चित्रपट केला.

पाक आणि ढेप

पिरांदेल्लोच्या कादंबऱ्यांमागचा विचार समजायला गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणावं. काहिलीत उसाचा रस उकळत असतो तोवर तो सारखा हलता असतो, त्याला आकार नसतो. साच्यात ओतला की थोड्या वेळात ढेप होते. ढेप उचलता येते, मोजता येते, बाजारात नेता येते, पण तिला परत वाहता येत नाही. माणसाचं आतलं जगणं काहिलीतल्या पाकासारखं, आणि नाव, नातं, हुद्दा, अब्रू हे साचे. साच्यावाचून समाजात उभं राहता येत नाही, आणि साच्यात पडलं की आतलं काहीतरी थिजतं. त्याच्या नाटकांवर लिहिताना आद्रियानो तिल्गेर या समीक्षकाने १९२०च्या दशकात जीवन आणि रूप यांचा जो झगडा मांडला, तो हाच.

साचा मोडला तर काय, या प्रश्नाचं उत्तर १९०४च्या 'दिवंगत मात्तिया पास्काल' या कादंबरीत आहे. खाणीच्या संकटानंतर, आजारी बायकोची शुश्रूषा करत रात्री रात्री जागून लिहिलेली ही कादंबरी. मात्तिया हा गावातल्या धूळ खाणाऱ्या ग्रंथालयाचा रखवालदार. बायको आणि सासूच्या जाचाला कंटाळून तो निघून जातो, माँटे कार्लोच्या जुगारात ८२ हजार लिरा जिंकतो आणि परतताना आगगाडीत वर्तमानपत्रात वाचतो, की आपलं प्रेत सापडलं! कुणा अनोळखी माणसाचं प्रेत घरच्यांनी त्याचं म्हणून ओळखलेलं असतं. कर्ज गेलं, बायको गेली, सासू गेली. खिशात पैसे आणि पुढे मोकळं आकाश.

तो आद्रियानो मेइस हे नवं नाव घेतो. पण कागदावर नसलेल्या माणसाला एक कुत्रं पाळता येत नाही, कारण कुत्र्याचा कर भरायला नाव नोंदवावं लागतं. पैसे चोरीला गेले तर फिर्याद देता येत नाही. प्रेम जमलं तर लग्न करता येत नाही. पिरांदेल्लो एकेक दार लावत जातो, त्यातली दोन-तीन तर अगदी क्षुल्लक, आणि स्वातंत्र्य म्हणून सुरू झालेलं आयुष्य रिकामं होतं. शेवटी मात्तिया आद्रियानोची आत्महत्या झाल्याचा देखावा करून गावी परततो. तोवर बायकोने दुसरं लग्न केलेलं असतं, तिला मूलही झालेलं असतं. आता तो अधूनमधून स्वतःच्या थडग्यावर फुलं घेऊन जातो.

समीक्षक म्हणाले, असं घडणं अशक्य. १९२१च्या आवृत्तीला पिरांदेल्लोने परिशिष्ट जोडलं आणि त्यात आदल्या वर्षीची वर्तमानपत्रातली खरी बातमी दिली. जिवंत माणूस मेला असं समजून बायकोने पुन्हा लग्न केलं होतं आणि तो स्वतःची कबर पाहायला गेला होता. कल्पित गोष्टीला पटण्याजोगं राहावं लागतं, आयुष्यावर ती सक्ती नाही, हे त्याचं म्हणणं.

साचा मोडण्याची दुसरी दिशा त्याच्या शेवटच्या कादंबरीत आहे. 'एक, कोणी नाही आणि एक लाख' ही बरीच वर्षं लिहीत राहिलेली कादंबरी १९२६ साली पुस्तकरूपात आली. बायको सहज म्हणते, तुमचं नाक उजवीकडे किंचित कललेलं आहे. कादंबरीचा नायक मोस्कार्दा याला हे माहीतच नसतं. मग त्याच्या लक्षात येतं, की बायकोच्या डोळ्यांतला मी वेगळा, मित्राच्या वेगळा, गावाच्या दृष्टीने तर मी सावकाराचा पोरगा. तो हे सगळे साचे एकामागून एक फोडतो आणि शेवटी संपत्ती, घर, नावसुद्धा सोडून देतो.

रविवारी सकाळी भेटीची वेळ

'सहा पात्रं लेखकाच्या शोधात' मे १९२१मध्ये रोमच्या व्हाल्ले नाट्यगृहात आलं तेव्हा प्रेक्षकांत मारामारीची वेळ आली, 'वेड्यांचा बाजार' अशा आरोळ्या उठल्या. लोकांना ती कल्पना एकाएकी उगवलेली वाटली. खरं तर ती दहा-पंधरा वर्षं कथांमध्ये मुरत होती. १९११च्या 'एका पात्राची शोकांतिका' या कथेत लेखक सांगतो, की दर रविवारी सकाळी आठ ते एक मी माझ्या येणाऱ्या कथांमधल्या पात्रांना भेटीची वेळ देतो. ती येतात, तक्रारी करतात, स्वतःची बाजू मांडतात. त्यात डॉक्टर फिलेनो नावाचं एक पात्र आहे, दुसऱ्याच लेखकाच्या फसलेल्या कादंबरीतून पळून आलेलं. मला नीट लिहा, ते विनवतं. लेखक नकार देतो.

१९१५च्या 'पात्रांशी संवाद' या कथेत इटली युद्धात उतरते आहे. लेखक भेटी बंद केल्याची सूचना दारावर लावतो, तरी एक पात्र आत शिरतंच. पुढच्या भागात नुकत्याच वारलेल्या आईची सावली खोलीच्या कोपऱ्यात येऊन बसते. पात्र कल्पनेतून येतं, आई आठवणीतून, आणि दोघंही जिवंत माणसाइतकी ठाम असतात. सहा पात्रांच्या नाटकातला बाप नटांना जे सांगतो, की आम्ही तुमच्याहून जास्त खरे आहोत, त्याचं बळ या कथेतून आलेलं आहे. १९१७ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात पिरांदेल्लोने या सहा पात्रांचा उल्लेख केला आहे, आणि तेव्हा त्याला त्यांची कादंबरी करायची होती.

जे रंगमंचावर येऊ शकत नाही

काही कथा मात्र रंगमंचावर नेताच येत नाहीत, आणि माझ्या मते पिरांदेल्लोचं सर्वात श्रेष्ठ लेखन त्यांत आहे. 'आगगाडीने शिट्टी दिली' या १९१४च्या कथेत बेल्लूका नावाचा हिशेबनीस साहेबावर ओरडतो, त्याला वेडा ठरवून इस्पितळात नेतात. त्याचं वेड आपण आधी पाहतो, घर मागाहून : तीन आंधळ्या बाया, दोन विधवा मुली, सात नातवंडं, आणि रात्री उशिरापर्यंत जादा पैशासाठी नकलून काढायचे कागद. एका रात्री झोप लागत नसताना त्याला दूरवर आगगाडीची शिट्टी ऐकू येते आणि आठवतं, की बाहेर जग आहे. एवढंच घडलेलं असतं. घटनांचा क्रम उलटा केल्यामुळेच वेड लागलेला माणूस आपल्याला एकाएकी शहाणा दिसतो.

आणि चिआऊला. गंधकाच्या खाणीतला, वय तिशीपुढचं पण पोरासारखा, पाठीवर दगडांचा भार घेऊन जिना चढणारा हमाल. त्याला खाणीतल्या काळोखाची भीती नाही, तो काळोख ओळखीचा आहे. भीती आहे ती बाहेरच्या रात्रीची. एके दिवशी काम पुरं झालं नाही म्हणून त्याला रात्री ओझं घेऊन वर यावं लागतं. थरथरत शेवटच्या पायऱ्या चढताना वर उजेड दिसतो, आणि बाहेर चंद्र असतो. त्याने चंद्र पाहिलेला नव्हता असं नाही, पण कधी लक्षच दिलेलं नव्हतं. तो खाली बसतो आणि रडू लागतो. इथे संवाद नाही, युक्तिवाद नाही, लाउदीसी नाही. प्रत्येक पायरी वाचकाने त्या ओझ्याखाली चढायची आहे. खाणमालकाच्या या मुलाने खाणीखालचा माणूस इतक्या जवळून पाहावा, याचं मला फार मोल वाटतं.

१९२२पासून पिरांदेल्लो आपल्या कथा 'वर्षभराच्या कथा' या नावाने एकत्र करू लागला. दिवसाला एक अशा ३६५ कथा करायच्या होत्या. १९३४ साली नोबेल मिळालं, १० डिसेंबर १९३६ रोजी तो रोममध्ये वारला. या संग्रहाचा पंधरावा खंड मृत्यूनंतर आला आणि कथांची संख्या सव्वादोनशेच्या पुढे थांबली.

यातल्या पुष्कळशा कथा इंग्रजीत मिळतात. वाचकांनी सुरुवात चिआऊला, बेल्लूका आणि 'परवाना' यांपासून करावी, मग मात्तिया पास्काल घ्यावा. आणि ज्या नाट्यसंस्था पिरांदेल्लो बसवायला घेतात, त्यांनी तालमीच्या पहिल्या दिवशी संहितेआधी मूळ कथा मोठ्याने वाचावी. रंगमंचावर येताना पात्रांच्या तोंडून काय सुटून गेलं, ते नटांना तिथे सापडेल.